झाडून झाल्यावर रस्त्यावर काय उरते?

निवृत्तीनंतर वर्षातील दोन-तीन महिने माझा मुक्काम मुलीकडे, फरीदाबादला असतो. दिवाळीनंतर तेथील हवा अशी होते की पहाटे फिरायला जाऊ नका असे डॉक्टरच सांगतात. परंतु चाळीस वर्षांची सवय सहजी सुटत नाही. नाकावर रुमाल बांधून मी निघतोच. गेल्या हिवाळ्यात अशाच एका पहाटे रस्ता झाडणारी यंत्रगाडी समोरून आली. डोक्यावर पिवळा दिवा, पोटाखाली फिरणारे दोन गोल ब्रश, आणि मागे रस्त्यावरील दिव्यांच्या उजेडात तरंगणारा धुळीचा ढग. गाडी पुढे गेल्यावर मी वाकून पाहिले. रस्त्याचा मधला भाग, जो रहदारीच्या चाकांनी आधीच लख्ख केला होता, तेथे ओला पट्टा उमटला होता. कडेला आणि दुभाजकालगत मात्र हात-दीड हात रुंदीचा धुळीचा थर जसाच्या तसा होता.

अर्ध्या तासाने दोन बायका लांब दांड्याचे झाडू घेऊन आल्या. त्यांनी तो थर लोटून त्याचे छोटे ढीग केले. ढीग उचलणारी हातगाडी यायची होती. तेवढ्यात पाण्याचा टँकर गेला, पाठोपाठ शाळेची बस गेली, आणि ढिगांचा पुन्हा थर झाला. एका पहाटेत तीच धूळ तीनदा हलली. उचलली एकदाही गेली नाही.

तो रस्ता कोणत्या संस्थेचा आणि गाडी कोणत्या ठेकेदाराची, हे मी मुद्दाम लिहीत नाही. कारण हेच दृश्य मी सेवाकाळात महाराष्ट्रातील शहरांमधूनही पाहिले आहे, आणि त्यापैकी एका ठिकाणी यंत्रखरेदीच्या टिपणीवर माझीच सही होती.

त्या महानगरपालिकेत मी आयुक्त होतो. यांत्रिक झाडूची निविदा तयार होऊन माझ्यापुढे आली. इंजिनाची अश्वशक्ती, हॉपरचे घनमीटर, पाण्याच्या टाकीचे लिटर, ब्रशचा व्यास, झाडण्याची रुंदी, पुरवठादाराची मागील तीन वर्षांची उलाढाल, अनामत रक्कम, हमीचा कालावधी, सर्व काही होते. यंत्र फिरून गेल्यानंतर रस्त्यावर किती धूळ उरलेली चालेल, एवढे एक वाक्य मात्र कोठेही नव्हते. ते नसल्याचे मला जाणवले नाही, लेखाविभागाला जाणवले नाही, स्थायी समितीतही कोणी विचारले नाही. तेथे चर्चा झाली ती लोकार्पण कोणत्या प्रभागात करायचे यावर. नारळ फुटला, हार घातले गेले, आणि ज्या रस्त्यावर प्रात्यक्षिक झाले तो आदल्या रात्री महिला कर्मचाऱ्यांकडून झाडून घेतलेला होता, हे मला नंतर कळले.

काही आठवड्यांनी एका आरोग्य कोठीवर हजेरी तपासायला गेलो असता तेथील एका वयस्कर झाडूवाल्या बाईंना मी सहज विचारले, ‘‘काय मावशी, मशीन आल्यापासून काम हलके झाले ना?’’ त्या म्हणाल्या, ‘‘साहेब, मशीन मधनं जातं, अन् कचरा कडंला असतो.’’ मी हसलो. मुकादमही हसला. नव्या यंत्राविषयी कामगारांच्या मनात असते तशी ही नाराजी आहे, असे समजून मी विषय सोडून दिला.

पुढे बऱ्याच वर्षांनी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी सार्टर आणि बॉइड या दोघांनी १९७२ मध्ये केलेला अभ्यास वाचनात आला. अनेक शहरांतील रस्त्यांवरची घाण त्यांनी मोजली होती. रस्त्यावरील एकूण घन कचऱ्यापैकी ७८ टक्के हा कडेच्या दगडापासून सहा इंचांच्या आत आणि ८८ टक्के एका फुटाच्या आत असतो, असे त्यांना आढळले. कोठीवरच्या मावशींचे वाक्य ते हेच! त्यांना ते सांगायला प्रयोगशाळा लागली नव्हती, आणि मला ते पटायला परदेशी अहवाल लागला. याची लाज मला आजही वाटते.

त्याच अभ्यासातील दुसरा तक्ता अधिक महत्त्वाचा आहे. त्या काळची ब्रशची यंत्रे दोन मिलिमीटरहून मोठे कण ७९ टक्के उचलत. कण जसजसा बारीक, तसतशी उचल कमी. ४३ मायक्रॉनहून बारीक धुळीपैकी जेमतेम १५ टक्के हाती लागे. म्हणजे खडे, पाने, कागद, शेंगांची टरफले उचलली जात आणि रस्ता डोळ्यांना स्वच्छ दिसे. जी धूळ फुप्फुसात जाते ती मागे राही. पुढे १९८३ मध्ये त्याच देशातील शहरी पावसाळी पाण्याच्या राष्ट्रव्यापी पाहणीनेही असाच निष्कर्ष काढला की पावसाच्या पाण्यातील प्रदूषण कमी करण्याच्या दृष्टीने तेव्हाची झाडणी जवळपास निरुपयोगी होती. यानंतर तेथील यंत्रांच्या रचनेकडे गंभीरपणे पाहिले जाऊ लागले.

या यंत्राचा वंश मोठा मजेशीर आहे. १८४०च्या दशकात मँचेस्टरच्या रस्त्यांवर घोड्याने ओढायचा यांत्रिक झाडू आणला तो जोसेफ व्हिटवर्थ यांनी. नटबोल्टांच्या आट्यांना पहिले सर्वमान्य प्रमाण देणारे ते हेच व्हिटवर्थ. १९१४च्या सुमारास अमेरिकेतील एल्जिन गावी जॉन मर्फी यांनी तयार केलेली मोटारीवरील झाडणीगाडी बॉइसी शहराने विकत घेतली. १९६०च्या दशकाअखेरीस टेक्सासमध्ये हवेच्या झोताने धूळ उडवून लगेच शोषणारी आणि तीच हवा आत फिरवत ठेवणारी रचना पुढे आली. या साऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे ज्याला कडेला सलग उभा दगड आहे, ज्याचा पृष्ठभाग सपाट आहे आणि ज्याच्या कडेला गाडी उभी नाही, असा रस्ता. ब्रशने धूळ दगडाला टेकवायची आणि तेथून आत ओढायची, ही सगळी युक्ती त्या दगडावर अवलंबून आहे.

फरीदाबादचा रस्ता असा नाही. डांबर संपते तेथे मातीची साइडपट्टी सुरू होते. मातीला अडवणारे काही नाही. यमुनेच्या गाळाची ही माती पिठासारखी बारीक, आठ-नऊ महिने कोरडी. मे-जूनमध्ये राजस्थानाकडून अंधड येतात ते निराळेच. पश्चिमेला अरवलीचे डोंगर. तेथील खाणकाम सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये थांबवले, तरी पाली भागातील खडी दळणाऱ्या क्रशरचा पट्टा आणि बांधकामाचे साहित्य नेणारे डंपर यांचा या शहराशी जुना संबंध आहे. अरवलीचा दगड क्वार्ट्झाइटचा, म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. त्याची पूड रोज हुंगणाऱ्या कामगाराला काय होते, ते खाणमजुरांच्या सिलिकोसिसवरून आपल्याला चांगले माहीत आहे. झाडणाऱ्या बाईंच्या तोंडावर मात्र ओढणीचा पदरच असतो.

येथे प्रश्न निघेल, की धुळीला इतके महत्त्व द्यावे काय? कानपूरच्या आयआयटीने २०१६ मध्ये दिल्लीसंबंधी दिलेल्या अहवालात पीएम-१० कणांच्या उत्सर्जनात रस्त्यावरच्या धुळीचा वाटा ५६ टक्के आणि पीएम-२.५ मध्ये ३८ टक्के सांगितला होता. याच अहवालात असेही आहे की हिवाळ्यातील प्रत्यक्ष हवेत मातीचा आणि रस्त्याच्या धुळीचा वाटा यापेक्षा पुष्कळ कमी भरतो. तेव्हा वाहने, ज्वलन आणि वायूंपासून तयार होणारे कण यांचा जोर असतो. म्हणून ‘रस्ते झाडले की धुके जाईल’ असे म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. पण पैसा कोठे गेला ते पाहावे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने जुलै २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार स्वच्छ हवेसाठी १३१ शहरांना सुमारे १०,५६६ कोटी रुपये देण्यात आले होते, आणि त्यातील ६४ टक्के खर्च रस्त्यावरील धुळीच्या कामांवर झाला: रस्ते पक्के करणे, खड्डे बुजवणे, पाणी शिंपडणे, यांत्रिक झाडणी. उद्योगांवर एक टक्काही नाही. हा अग्रक्रम योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. परंतु जेथे सर्वाधिक पैसा जातो तेथे तरी धूळ उचलली जाते का, हे विचारायला नको का?

आपण विचारतो ते एवढेच, की किती किलोमीटर झाडले. श्रेणीबद्ध कृती आराखडा जानेवारी २०१७ मध्ये लागू झाला आणि हवा बिघडली की रोज यांत्रिक झाडणी करायची हे ठरले. तेव्हापासून अहवालांत किलोमीटर येतात. गाडीवर जीपीएस बसवले जाते. जीपीएस काय सांगते? गाडी चालली, हे. ब्रश खाली होता की वर, पंखा फिरत होता की बंद, हे ते सांगत नाही. ब्रशच्या दांड्यावर एक साधी कळ बसवली, की ब्रश रस्त्याला टेकला असेल तेवढेच अंतर मोजले जाईल. ही काही संशोधनाची बाब नव्हे. गाडीचा दरवाजा उघडा राहिला की आत दिवा लागतो, तेवढीच ती करामत आहे. शिवाय ठेका किलोमीटरवर असला की चालक वेगाने जाणार. ही यंत्रे माणसाच्या झपाझप चालण्याच्या वेगाने चालली तरच नीट उचलतात. आपण देयक ज्या मापाने काढतो ते मापच यंत्राला निकामी करते.

रचनेतील उणिवा मी गेल्या दोन हिवाळ्यांत चालकांशी आणि दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींशी बोलून समजून घेतल्या आहेत. त्यांपैकी काही येथे सांगतो.

पहिली गोष्ट पाण्याची. धूळ उडू नये म्हणून ब्रशपाशी पाण्याचे बारीक फवारे असतात. एनसीआरमधील बोअरचे पाणी जड. फवाऱ्याची छिद्रे क्षारांनी बुजतात. बुजली की धूळ उडते, आणि चालू असली तर बारीक धुळीचा चिखल होऊन रस्त्याला लेप बसतो. तो दुपारपर्यंत वाळतो आणि चाकांखाली पुन्हा उडतो. म्हणून अशा कोरड्या प्रदेशात पाण्यावर न विसंबता हवा आतल्या आत फिरवणारी, चांगल्या गाळणीची रचना हवी. शोषक यंत्राची गाळणी निकृष्ट असेल तर ते जमिनीवरची धूळ ओढून माणसाच्या नाकाच्या उंचीवर सोडून देते. हा उपद्व्याप पैसे मोजून करायचा, याला काय म्हणावे?

दुसरी गोष्ट कडेची. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे डाव्या कडेचा ब्रश मुख्य. पण दुभाजक असलेल्या रस्त्यावर उजवीकडे, दुभाजकाच्या पायथ्याशी, तितकीच धूळ साठते. वेगवान गाड्या ती तेथे ढकलतात आणि दुभाजकातील झाडांची माती पाण्याबरोबर खाली उतरते. दोन्ही बाजूंना पोहोचणारा, अडथळा लागला की आपोआप मागे सरणारा आणि पुन्हा जागेवर येणारा दांडा हवा. तो नसेल तर चालक ब्रश मोडण्याच्या भीतीने कडेपासून दूर राहतो. नुकसान झाले तर ते त्याच्या पगारातून कापले जाणार असते. त्याला दोष कसा द्यावा?

तिसरी, झिजलेल्या ब्रशची. तारा झिजून आखूड झाल्या की ब्रश हवेत फिरतो. त्याची उंची रोज जुळवावी लागते, पण ते करण्यासाठी गाडीखाली आडवे पडून पाना फिरवावा लागत असेल तर रोज कोण करील? हेच चालकाच्या आसनापाशी एका चाकाने करता आले तर होईल. आणि शेवटी हॉपर रिकामा करण्याची गोष्ट, ज्याविषयी निविदेत एक ओळही नसते. दिवसभराची कोरडी धूळ मोकळ्या भूखंडावर उंचावरून ओतली की अर्धी वाऱ्यावर जाते. दळणाच्या गिरणीत पीठ सोडताना तोंडाला कापडी नळी बांधतात. एवढी अक्कल आपल्या गिरणीवाल्याला शंभर वर्षांपूर्वी सुचली आहे.

आता उभ्या गाड्यांचे काय? फरीदाबादच्या सेक्टरांमधील आतल्या रस्त्यांवर रात्री दोन्ही कडांना मोटारी उभ्या असतात, आणि रहदारी कमी म्हणून यंत्रगाडी येते ती नेमकी रात्री किंवा पहाटे. मोटारींच्या खालची धूळ वर्षानुवर्षे हलत नाही; पावसाळ्यात तीच गटारात उतरते आणि गटार तुंबले की आपण वेगळी निविदा काढतो. उलट बाजारपेठांचे वाहनतळ रात्री रिकामे असतात, तेथे दिवसा झाडणी होते. वेळापत्रक उलटे करायला एक पैसाही लागत नाही. वस्तीचे रस्ते सकाळी अकरानंतर, लोक कामावर गेल्यावर. बाजार आणि वाहनतळ रात्री. न्यूयॉर्कने १ ऑगस्ट १९५० पासून काही रस्त्यांवर एका दिवशी एकाच बाजूला गाड्या उभ्या करण्याचा नियम केला, तो रहदारीसाठी नव्हे, यांत्रिक झाडूला कड मोकळी मिळावी म्हणून. आपल्या पुण्या-मुंबईला पी-१ आणि पी-२ या पाट्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत; सम तारखेला ही बाजू, विषम तारखेला ती. त्या पाटीचा आणि झाडणीच्या वेळापत्रकाचा मेळ घालावा असे मला सेवेत असताना सुचले नाही. पाटी वाहतूक शाखेची, झाडू आरोग्य खात्याचा. दोघांच्या फायली कधी एका टेबलावर आल्या नाहीत.

वाहनतळासाठी मोठी गाडी निरुपयोगीच. खांबांचे कोपरे, चाक अडवण्याचे ठोकळे, दोन मोटारींमधील वीतभर जागा येथे गोल ब्रश शिरत नाही. काही शोषक गाड्यांना मागे हत्तीच्या सोंडेसारखी लांब नळी असते. ती हातात धरून माणसाने चालायचे. हीच रचना मुख्य मानून यंत्र का बनवू नये? माणसाच्या चालीने जाणारी लहान शोषक गाडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन नळ्या. धूळ कोठे आहे हे झाडणाऱ्या बाईंना ठाऊक आहे. ओढण्याची ताकद यंत्रात आहे. आज या दोघांची भेटच होत नाही. यंत्र पहाटे जाते, बाई सकाळी येतात. दोघांना एकत्र जोडले तर बाईंचे काम जाणार नाही आणि त्यांच्या छातीत जाणारी धूळही कमी होईल. यंत्र आले की माणूस कमी, हे समीकरण निविदा लिहिणाऱ्याने आधीच मनात धरलेले असते, म्हणून यंत्राची रचना त्याप्रमाणे होते.

हातातल्या साधनांकडेही आपण कधी नीट पाहिले नाही. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. संत गाडगेबाबांच्या नावाने अभियान चालवतो. पण खराट्याचा दांडा किती लांब असावा म्हणजे कंबर वाकणार नाही, यावर मी एकही शासन निर्णय पाहिला नाही. प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी तत्कालीन मुंबई राज्याने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला आणि त्यातील मुख्य शिफारशी केंद्रीय गृहमंत्रालयाने १९५५ मध्ये सर्व राज्यांना पाठवल्या. मग १९५७ मध्ये मलकानी समिती, तिचा अहवाल १९६० मध्ये. डोक्यावरची पाटी जाऊन हातगाडी यावी, साधने सुधारावीत, असा या साऱ्याचा रोख होता. त्यानंतर सत्तर वर्षांत उपग्रह गेले; अनेक शहरांत हातगाडीची चाके अजून करकरतात आणि तिचा काठ इतका उंच असतो की ठेंगण्या बाईला फावडे खांद्यावर न्यावे लागते. ज्या जातींच्या माथी आपण हे काम मारले त्यांच्या हातातील अवजारे सुधारण्याची कोणालाही घाई नव्हती, हे स्पष्टच लिहिलेले बरे.

फरीदाबादच्या बाबतीत हे अधिक खटकते, कारण हे शहर अवजारांचे आहे. दिल्ली-आग्रा रस्त्याच्या रक्षणासाठी १६०७ मध्ये शेख फरीद यांनी वसवलेल्या गावाशेजारी, फाळणीनंतर १९४९ पासून वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी नवे औद्योगिक नगर उभारले. घरे त्यांनी स्वतःच्या हातांनी, सहकारी पद्धतीने बांधली. पुढे येथे ट्रॅक्टर बनू लागले; शेजारच्या बल्लभगडला १९७९ पासून जेसीबी बनतात. ज्या गावात माती उकरणारे यंत्र तयार होऊन जगभर जाते, त्या गावाला स्वतःच्या रस्त्यावरची माती उचलणारे यंत्र बनवता येणार नाही, हे मी मानत नाही. साइडपट्टी असलेल्या, कड नसलेल्या, खड्ड्यांच्या रस्त्यासाठी ट्रॅक्टरला जोडायची झाडणी तयार करणे येथल्या लहान कारखानदारालाही जमेल. पण त्याच्याकडे कोणी मागत नाही. जी निविदा निघते ती एखाद्या तयार यंत्राच्या माहितीपत्रकावरून उतरवलेली असते, आणि लघुत्तम दराच्या स्पर्धेत सगळे तेच यंत्र थोड्याफार फरकाने देऊ करतात.

माझी सूचना एकच आहे. यंत्र कसे असावे हे निविदेत लिहू नये. झाडून झाल्यावर रस्ता कसा असावा ते लिहावे. त्याचे माप उपलब्ध आहे. रस्त्याच्या एक चौरस मीटर भागातील सर्व धूळ शोषक यंत्राने गोळा करायची, ती ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची आणि खाली पडेल तिचे वजन करायचे. रस्त्यावरून किती धूळ उडेल याचा हिशेब जगभर याच आकड्यावरून मांडला जातो. हा आकडा निम्मा झाला तर उडणारी धूळही जवळजवळ निम्मी होते. ७५ मायक्रॉनची चाळणी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या प्रयोगशाळेत असतेच. मातीच्या चाचणीला ती रोज लागते. तेव्हा झाडणीपूर्वी आणि झाडणीनंतर, कडेला, मध्यभागी आणि दुभाजकालगत, असे नमुने घ्यावेत आणि देयक त्यावर द्यावे. खरेदीपूर्वी प्रत्येक पुरवठादाराने आपले यंत्र त्याच शहराच्या एका ठरावीक किलोमीटरवर, न झाडलेल्या रस्त्यावर चालवून दाखवावे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या हवा व्यवस्थापन मंडळाने १९९७ मध्ये नियम करून अशी चाचणी आणली: ठरावीक धूळ रस्त्यावर पसरायची, यंत्राने किती उचलली आणि किती उडवली ते मोजायचे, उत्तीर्ण झालेलीच यंत्रे शहरांनी घ्यायची. यंत्रे सुधारली ती त्यानंतर. उत्पादकांना माप कळले की ते रचना शोधतातच.

नमुने घेण्यातही लबाडी होईल, असे माझे सहकारी म्हणतील. होईल. नमुन्याची जागा आधी कळली तर तेवढाच चौरस मीटर चकचकीत केला जाईल. यासाठी जागा चिठ्ठी टाकून काढावी आणि नमुना घेताना त्या रस्त्यावरील झाडूवाल्या बाईंना पंच म्हणून बोलवावे. किलोमीटरच्या नोंदीत आज जी लबाडी होते तिच्यापेक्षा ही करायला अधिक कष्ट पडतील, एवढेही मला पुरे आहे. दुसरा आक्षेप खरा आहे: साइडपट्टी मातीची असेपर्यंत कोणतेही यंत्र हरणारच. हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने एनसीआरमधील शहरांच्या रस्त्यांच्या कडा पक्क्या किंवा हिरव्या करण्यासाठी केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेला सोबत घेतले आहे. फरीदाबादही त्या यादीत आहे. ते व्हावेच. पण त्या रस्त्याचा आराखडा काढताना त्यावर कोणता झाडू फिरणार आहे हे आराखडा काढणाऱ्याला आणि झाडू बनवणाऱ्याला एकाच बैठकीत बसवून ठरवावे, नाहीतर कडेचा दगड असा बसेल की ब्रश त्याला पोहोचणार नाही.

त्या पहाटेनंतर आठवड्याभराने तीच यंत्रगाडी चहाच्या टपरीपाशी उभी दिसली. मी चालकाशी गप्पा सुरू केल्या. ‘‘अंकलजी, तुम्ही रोज वाकून काय बघता?’’ असे त्यानेच विचारले. मी सांगितले. तो उठला, आसनाखालून एक गोणपाट काढला आणि त्यात गुंडाळलेली वस्तू मला दाखवली. ट्रकच्या जुन्या ट्यूबचे रबर कापून त्याने ब्रशभोवती बांधायचा घागऱ्यासारखा पडदा केला होता, वरच्या काठाला तार ओवलेली. तो बांधला की धूळ बाहेर उडत नाही, आत ओढली जाते, असे तो म्हणाला. मग बांधत का नाहीस, असे मी विचारले. तपासणीला आलेल्या साहेबांनी तो काढायला लावला होता. मंजूर नकाशात तो नव्हता, आणि गाडीत परवानगीशिवाय बदल केला म्हणून दंड होईल असे सांगितले होते.

त्याने घड्याळात पाहिले. त्या दिवशी तपासणी नव्हती. चहाचा कप खाली ठेवून तो गाडीखाली शिरला आणि पडद्याची तार पिळू लागला. मी टॉर्च धरला.